हॉक माउंटन आणि चिमनी रॉक: शरदातली शिकारी पक्ष्यांची मोजणी नक्की कशी करतात?

एडिसनकर_पाखरू

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या गटाचा बेत असा आहे: सप्टेंबरच्या मध्यात मार्टिन्सव्हिलजवळच्या चिमनी रॉकला, आणि ऑक्टोबरअखेरीस पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटनला जायचं. नुसते पक्षी बघायचे नाहीत, मोजायला शिकायचं आहे. शिक्रा, बहिरी ससाणा, घार, कापशी हे भारतात पाहून ओळखता येतात. इथले बाज मात्र डोक्यावरून ठिपक्यासारखे जातात तेव्हा सगळे एकच वाटतात.

अडचणी अशा. ब्रॉडविंग हॉकचा भोवरा, म्हणजे गोल घिरट्या घालत वर चढणारा थवा, फिरत असतो तेव्हा दोघांनी मोजलं तर दोन अगदी वेगळे आकडे येतात, मग खरा कोणता धरायचा? एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून काय करतात? शार्पशिन आणि कूपर्स हे दोन शिक्र्यासारखे बाज वेगळे कसे करायचे? आणि दुपारी बारानंतर आकाश एकदम रिकामं का होतं? वारा, तारीख, साहित्य याबद्दलही जाणकारांनी लिहावं.

---

धारेवरचा_दगड

दुहेरी मोजणीपासून सुरू करतो, कारण नवख्यांचे निम्मे घोळ तिथेच होतात.

पक्षी दिसला म्हणून मोजायचा नसतो, तो रेघ ओलांडून गेला की मोजायचा. हॉक माउंटनच्या नॉर्थ लुकआउटवर, म्हणजे मोजणीच्या मुख्य खडकावर, पक्षी ईशान्येकडून किटाटिनी धारेच्या कडेकडेने येतात आणि नैऋत्येला निघून जातात. तुम्ही बसलाय तिथून धारेला काटकोनात एक रेघ मनात आखा. लांबवर ठिपका दिसला की आरोळी द्या, दुर्बीण लावा, ओळख पटवा, पण क्लिकर (हातातलं मोजणीचं बटणयंत्र) दाबायचा तो रेघ ओलांडल्यावरच. बरेच पक्षी अर्ध्यातून वळतात, दरीत उतरतात, झाडीत शिरतात आणि तासाभराने पुन्हा उगवतात. दिसताक्षणी मोजलंत तर तोच पक्षी दुसऱ्यांदा तुमच्या खात्यात जमा होतो. रेघ ओलांडून पुढे गेलेला पक्षी डोळ्यांदेखत उलटा परत आला, तर तो वजा करायचा की नाही याचा त्या त्या जागेचा नियम असतो. पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

स्थानिक पक्षी मोजायचे नाहीत. एकाच कड्यावर पुन्हा पुन्हा घिरट्या घालणारा, पाय सोडून वाऱ्यात तरंगणारा, दुसऱ्या बाजावर धावून जाणारा, झाडावर बसून राहणारा रेडटेल बहुधा तिथलाच रहिवासी असतो. प्रवासातला पक्षी सरळ आणि कामात असल्यासारखा जातो. गिधाडांचा प्रश्न सगळ्यात किचकट. टर्की व्हल्चर दिवसभर वर-खाली करत असतात, आणि त्यातले प्रवासी कोणते हे ठरवायला अनुभवी माणूसही डोकं खाजवतो.

आता भोवरा. फिरता भोवरा मोजू नका. ब्रॉडविंग गरम हवेच्या खांबात गोल फिरत वर चढतात. त्यात ते एकमेकांच्या मागे लपतात, खालून नवे येऊन मिसळतात, कधी शेजारचे दोन भोवरे एक होतात. दोघांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळेच. थांबा. वर पोचल्यावर उचल संपते, मग पक्षी पंख अर्धे दुमडून एकामागून एक घसरत पुढच्या खांबाकडे निघतात. त्या वेळी त्यांची ओळ होते, आणि मोजायची ती ओळ.

दुर्बीण ओळीच्या पुढच्या टोकाच्या जरा पुढे रोखून स्थिर धरा. ओळीमागे फिरवू नका. दुर्बिणीतून दिसणाऱ्या वर्तुळाच्या मधोमध उभी रेघ कल्पून तिला ओलांडणारे पक्षी मोजा. पन्नासपर्यंत एकेक, त्यापुढे पाच-पाच, फारच दाट असतील तर दहा-दहा. दहाचा गट केवढा दिसतो हे आधी एकदा एकेक मोजून डोळ्यात बसवावं लागतं, आणि ओळ जवळ आली की तोच गट जास्त जागा व्यापतो, म्हणून मधूनमधून पुन्हा तपासावं लागतं. हा काही नवख्यांसाठीचा शॉर्टकट नव्हे. मेक्सिकोत वेराक्रूझला हेच पक्षी पुढे दाटीने जातात आणि एका हंगामाची बेरीज लाखांच्या घरात जाते, तिथेही गटांनीच मोजतात.

दोघांचे आकडे वेगळे आले तर सरासरी काढू नका. ज्याने ओळ पहिल्या पक्ष्यापासून शेवटच्यापर्यंत सलग पाहिली, त्याचा आकडा घ्या. सरासरी म्हणजे एक बरोबर आणि एक चूक यांचं मिश्रण, ते कोणाच्याच कामाचं नाही.

साहित्यात चार आकडी यांत्रिक क्लिकर दोन घ्या, एक फक्त ब्रॉडविंगसाठी आणि दुसरा त्या वेळी जे जास्त येत असेल त्यासाठी. एक दाब म्हणजे एक पक्षी की पाच, हे क्लिकरवर चिकटपट्टी लावून लिहा. गडबडीत ते विसरलं की तासभराची नोंद फुकट जाते. आणि कागदावर उतरवल्याशिवाय शून्यावर आणायचा नाही.

---

करकोचा_काकू

ओळखीबद्दल लिहिते. रंग विसरा. पाचशे मीटरवर रंग दिसत नाही, दिसतो तो आकार, पंखांची ठेवण आणि उडण्याची लय.

शार्पशिन आपल्या शिक्र्यापेक्षा जरा लहानच, पंखविस्तार ४२ ते ५८ सेंमी. डोकं इतकं छोटं की पंखांच्या मनगटांपुढे, म्हणजे पंख जिथे वाकतो त्या सांध्यापुढे, जेमतेम येतं. शेपटीचं टोक चौकोनी. पंख झपझप मारतो, मोजताच येत नाहीत, मग थोडं तरंगतो. वाऱ्यात हेलकावतो. कूपर्सचं डोकं मोठं आणि पुढे आलेलं, शेपटी लांब, टोकाला गोल आणि पांढरी कड रुंद. सरळ तरंगताना उडता क्रूस दिसतो. पंखांचे फटके ताठ आणि सावकाश, ते मोजता येतात. फसवणूक होते ती शार्पशिनची मादी आणि कूपर्सचा नर यांच्यात, कारण दोन्ही जातींत मादी मोठी असते आणि आकारातलं अंतर तिथे कमी होतं. एकटा पक्षी असेल तर आकारावर विसंबूच नका. नॉर्थ लुकआउटवर काठीवर घुबडाचा पुतळा लावलेला असतो. शार्पशिन त्याच्यावर झडप घालायला जवळ येतात, तेव्हा डोकं आणि शेपटी नीट बघून घ्या. सराव तिथेच होतो.

बाजांमध्ये तीन महत्त्वाचे. रेडटेल: खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला गडद पट्टी. ही पिल्लांतही असते, त्यामुळे लाल शेपटी शोधत बसू नका, पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची शेपटी लाल नसतेच. ब्रॉडविंग: ती पट्टी नाही, पंख खालून फिके आणि कडेला गडद किनार, टोकं निमुळती. प्रौढाच्या शेपटीवर रुंद काळे-पांढरे पट्टे. रेडशोल्डर: उजेड मागून आला की पंखांच्या टोकांजवळ चंद्रकोरीसारखी फिकट खिडकी चमकते.

बाकीचे भराभर. ऑस्प्रे पंख मोडून इंग्रजी एम अक्षरासारखे धरतो. हॅरिअर म्हणजे आपल्या भोवत्याच्या कुळातला: लांब शेपटी, पंख उथळ व्हीमध्ये, बुडाशी पांढरा पट्टा. टर्की व्हल्चर खोल व्हीमध्ये डुगडुगत जातो आणि डोकं जवळजवळ नसल्यासारखंच. बाल्ड ईगल पंख फळीसारखे सपाट धरतो, डोकं आणि चोच मोठी. गोल्डन ईगलचं डोकं लहान, पंख किंचित वर उचललेले, तरुण पक्ष्याच्या पंखात आणि शेपटीच्या मुळाशी पांढरं. गरुड दिसला की वय लिहाच. रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांविरुद्ध मांडणी केली तेव्हा हॉक माउंटनच्या नोंदींतलं बाल्ड ईगलच्या पिल्लांचं घटतं प्रमाण पुरावा म्हणून वापरलं होतं. नुसती बेरीज लिहिली असती तर ते निसटलं असतं. प्रौढ गरुड बरीच वर्षं जगतात, त्यामुळे पिल्लं होणं थांबलं तरी एकूण आकडा काही काळ ठीकठाक दिसत राहतो.

आणि "अनोळखी" हा रकाना लाजेचा नाही. अनोळखी ॲक्सिपिटर (शार्पशिन-कूपर्सचा गट), अनोळखी ब्यूटिओ (रेडटेल-ब्रॉडविंगचा गट), अनोळखी ससाणा असे वेगळे रकाने त्यासाठीच असतात. दिवसभरात शेकड्यांनी पक्षी आणि अनोळखी शून्य, असं पत्रक दिसलं तर मला त्यातल्या बाकीच्या आकड्यांचीही शंका येते.

---

वायव्य_वारा

तारखा आधी. अधिकृत मोजणी हॉक माउंटनला १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर चालते. ब्रॉडविंगचा जोर सप्टेंबरच्या मध्यावर, साधारण १२ ते २४ मध्ये, आणि त्यातही मोठे दिवस मोजकेच. ऑस्प्रे आणि केस्ट्रेल (छोटा ससाणा) सप्टेंबरात, बाल्ड ईगल ऑगस्टअखेरपासून. शार्पशिन ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कूपर्स त्याच्या जरा मागे, बहिरी ससाणे ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तुम्ही ऑक्टोबरअखेरीस जाताय म्हणजे रेडटेल, रेडशोल्डर आणि गोल्डन ईगल. पूर्वेकडचे गोल्डन ईगल क्वेबेक-लॅब्राडॉरकडून येतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चांगली संधी असते. त्या तारखेला ब्रॉडविंग शोधू नका, ते केव्हाच दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागलेले असतात.

वारा तारखेपेक्षा महत्त्वाचा. थंड हवेची आघाडी पुढे सरकून गेली की वायव्येचा वारा सुटतो. तो ईशान्य-नैऋत्य पसरलेल्या धारेवर आपटून वर चढतो, आणि रेडटेलसारखे पक्षी त्या उचलीवर पंख न मारता मैलोन् मैल घसरत जातात. आघाडीनंतरचे एक ते तीन दिवस सगळ्यात चांगले. ताशी २० ते ३० किमी वायव्य वारा असेल तर पक्षी धारेला चिकटून, कधी तुमच्या नजरेच्या खालून जातात. वारा पूर्वेचा किंवा दक्षिणेचा असेल तर ते धार सोडून पसरतात. शनिवारची सुट्टी आधी ठरवून वारा नंतर बघणारे निराश होतात. हवामान नकाशा तीन दिवस आधीपासून पाहा आणि शक्य असेल तर मधल्या वारी रजा काढा. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी तिथलं पार्किंगही भरतं.

चिमनी रॉकचं गणित वेगळं. वॉचंग डोंगराची ती रांग ठेंगणी, वाऱ्याची उचल कमी. तिथे सप्टेंबरात गरम हवेवर जाणारे ब्रॉडविंग बघायचे. त्यांना मंद वारा आणि ऊन हवं, सोसाट्याचा वायव्य नको.

दुपारचा रिकामपणा. ऊन तापलं की उचल जोरात चालते, पक्षी इतके उंच जातात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पक्षी गेलेले नसतात, तुम्ही खाली बघत असता. निरभ्र निळं आकाश सगळ्यात वाईट, कारण नजर टेकायला काहीच नसतं आणि डोळा जवळच कुठेतरी स्थिरावतो. ढग असतील तर त्यांच्या पांढऱ्या पाठीवर ठिपके उठून दिसतात, म्हणून ढगांच्या कडा चाळा. ढग नसतील तर दर काही मिनिटांनी दूरच्या डोंगरावर दुर्बीण फोकस करून मग वर उचला, नाहीतर तुम्ही धूसर आकाशच चाळत बसाल.

चाळण्याची पद्धत: पहिला फेरा क्षितिजाला लागून, ईशान्येकडून. दुसरा त्याच्या एक वर्तुळ वर, तिसरा दोन वर्तुळं वर. फेरे थोडे एकमेकांवर चढवा. मग थेट डोक्यावर, कारण सगळे समोर बघत असतात आणि भोवरा माथ्यावरून निघून जातो. ८x४२ दुर्बिणीचं वर्तुळ साधारण ७ ते ८ अंश, १०x४२ चं सहा-साडेसहा. शोधायला ८, ओळखायला १०. स्पॉटिंग स्कोप शोधायला वापरू नका, ठिपका सापडल्यावर वापरा.

जागा सांगताना "तो बघ, तिकडे" असं म्हणायचं नाही. "दुसऱ्या टेकाडाच्या वर दोन वर्तुळं, उजवीकडे सरकतोय, ढगाच्या खालच्या कडेला" असं सांगा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे १० अंश झाकते, तेही माप चालतं.

---

पिक्सेल_पंत

एवढं कशाला? फोनवर ॲप आहेत, फोटो टाका, ओळखून देतं. भोवऱ्याचा फोटो काढून घरी निवांत मोजता येतो.

---

करकोचा_काकू

पंत, आवाजावरून ओळखणारं ॲप इथे कुचकामी, प्रवासातले बाज बहुतेक गप्पच असतात. फोटोवरून ओळखणाऱ्याला दहा-वीस पिक्सेलचा काळा ठिपका दिलात तर तेही अंदाजच बांधणार, फक्त ठामपणे. लांब लेन्सचा फोटो नंतर पडताळायला उत्तम, विशेषतः शार्पशिन-कूपर्सच्या वादात. भोवऱ्याचा फोटो मोजायचा असेल तर एकाच चौकटीत सगळे हवेत. दोन-तीन चौकटी जोडल्या की पक्षी तेवढ्यात जागा बदलतात आणि दुहेरी मोजणी होते. शिवाय तुम्ही पडद्यात बघत असता तेव्हा उरलेलं आकाश कोण बघतंय?

---

एडिसनकर_पाखरू

फारच उपयोगी. आता पत्रक. दर तासाला काय काय लिहितात? आणि वर बसायला काय न्यावं?

---

धारेवरचा_दगड

उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक मोजणी-जागा हॉक मायग्रेशन असोसिएशनच्या नमुन्याने लिहितात. तासागणिक ओळ असते: किती मिनिटं प्रत्यक्ष पाहिलं, किती निरीक्षक, वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, ढग किती टक्के, किती लांबचं दिसतंय, पाऊस-धुकं, पक्ष्यांची दिशा आणि उंची, मग जातीवार आकडे. चुका बहुतेक चार ठिकाणी होतात.

वेळ स्टँडर्ड टाइममध्ये लिहायची असते आणि हातातलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत डेलाइट टाइमवर असतं. एक तासाचा हा फरक विसरला की "दुपारची मंदी" भलत्याच तासात जाऊन बसते.

एकही पक्षी न आलेला तासही लिहायचा. रिकामी ओळ आणि शून्य यांत फरक आहे. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं, रिकामी म्हणजे पाहिलंच नाही. तसंच धुक्यामुळे वीस मिनिटं काही दिसलं नाही तर त्या तासाची मिनिटं ४० लिहा. वेगवेगळ्या वर्षांची तुलना तासामागे किती पक्षी यावर होते, आणि भागाकारातली ही खालची संख्या चुकली की वरची कितीही अचूक असून उपयोग नाही.

वाऱ्याच्या वेगासाठी आकडी संकेत असतो: ३ म्हणजे ताशी १२ ते १९ किमी, ४ म्हणजे २० ते २८, ५ म्हणजे २९ ते ३८. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. उडण्याची दिशा मात्र पक्षी जिकडे जातो ती. हे दोन शेजारी रकाने हमखास उलटे भरले जातात.

उंचीलाही संकेत: ० म्हणजे नजरेच्या खाली, १ म्हणजे नजरेपासून वर सुमारे ३० मीटरपर्यंत, २ नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारे, ३ नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेवर, ४ फक्त दुर्बिणीतून, ५ दुर्बिणीच्याही मर्यादेवर. दर तासाला जी उंची जास्त दिसली ती लिहायची. ३ नंतर ४ आणि ५ येऊ लागले की समजा आता डोळ्यांनी मोजलेला आकडा कमीच भरणार.

लिहिणारा आणि बघणारा वेगळे ठेवा. बघणाऱ्याने मान खाली घालायची नाही. तासाभराने अदलाबदल करा, त्याहून जास्त वेळ एकाच माणसाने आकाश चाळलं की नजर थकते आणि उंचावरचे पक्षी सुटतात.

बसण्याचं: नॉर्थ लुकआउट ४६४ मीटरवर, वाट सुमारे दीड किमी, शेवटी खडकाळ. बसायला टस्करोरा वालुकाश्माचे उघडे दगड. त्यांना पाठ नसते आणि ते ऑक्टोबरात बर्फासारखे गार असतात, म्हणून जाड फोमची गादी न्या. पार्किंगपाशी घाम फुटला तरी वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि बोटं उघडी राहणारे हातमोजे पिशवीत हवेतच. पाणी आणि डबा वर न्यावा लागतो. उतरल्यावर पायांना गोचीड चिकटलेत का बघा. ज्यांना दगड चढणं जमत नाही त्यांनी साउथ लुकआउटला थांबावं. ते जवळ आहे आणि तिथून रिव्हर ऑफ रॉक्सची दगडांची दरीही दिसते.

---

मुळशीचा_वारकरी

सह्याद्रीत असं करता येईल का? नोव्हेंबरात लोणावळ्याकडे अमूर ससाणे दिसतात ते मोजावेसे वाटतात.

---

वायव्य_वारा

नियम तेच: रेघ, तास, मिनिटं, शून्यसुद्धा. पण अमूर ससाणे एका धारेला बांधलेले नसतात. कीटक दिसले की रुंद पट्ट्यात पसरून खात थांबतात, त्यामुळे काटेकोर रेघ आखणं अवघड. आपल्या उपखंडात धारेवरची मोजणी शिकायची तर नेपाळात पोखराजवळ थुलाखर्क. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये स्टेपी गरुड हिमालयाच्या कडेने पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. तिथे दिशा दक्षिण नाही, म्हणून इथल्या सवयीने उत्तरेला तोंड करून बसू नका.

---

एडिसनकर_पाखरू

शेवटची शंका. आम्ही मोजलेले आकडे अधिकृत पत्रकात देता येतात का?

---

धारेवरचा_दगड

नाही. तिथे नेमलेला मोजणीदार असतो आणि आकडा त्याचाच धरतात, नाहीतर तीच ओळ दोघांच्या खात्यात जाते. तुम्ही त्याच्या शेजारी बसून पक्षी दाखवू शकता, त्याला ते हवंच असतं. तो मोजत असताना मात्र मध्येच प्रश्न विचारू नका, ओळ संपू द्या. स्वतःचे आकडे ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) एका जागी बसून केलेल्या नोंदीत टाका, वेळ खरी लिहा आणि ब्रॉडविंगचा आकडा मोठा असेल तर शेऱ्यात "ओळीत, पाच-पाचने मोजले" असं लिहा. पडताळणाऱ्याला तेच विचारायचं असतं.